मदत हवी आहे: कॅनचा वास जात नाहीये, पाणी भरायचंय (नाशिक)

मेघा_सिडको
नमस्कार मंडळी. पाच लिटरचे सहा कॅन आहेत, पांढरे, जाड, झाकणं एकदम घट्ट, फेकायला जीव होत नाही. आमच्याकडे सध्या सकाळी एकदाच पाणी येतं आणि तेही बारीक धार, म्हणून यात साठवायचं ठरवलं. निरम्याने तीनदा धुतले, आतून लिंबू फिरवलं, दोन दिवस गच्चीवर उन्हात उपडे ठेवले, तरी झाकण उघडलं की वास येतोच. काय करू? आणि वर्षभराचे पेपर नि मुलीच्या जुन्या वह्या पण काढायच्यात, रद्दीवाला वह्यांना पेपरपेक्षा कमी भाव देतोय, असं असतं का? प्लीज लवकर सांगा, आजच उरकायचंय.

पंचवटीकर
खायचा सोडा दोन चमचे आणि कोमट पाणी, रात्रभर ठेवा. आम्ही तेलाचे कॅन असेच साफ करतो. उकळतं पाणी घालू नका, कॅन वाकडा होतो.

जेलरोड_वाला
आधी काय होतं त्यात?

मेघा_सिडको
रिकामेच मिळालेत हो मला. तळाला त्रिकोणात 2 आहे, म्हणजे चांगलं प्लास्टिक ना? सोडा आज रात्री करते.

जेलरोड_वाला
2 म्हणजे एचडीपीई. कुठल्या जातीचं प्लास्टिक एवढंच तो आकडा सांगतो, आत काय भरलं होतं ते नाही सांगत. तेल होतं, फिनाईल होतं की ॲसिड? परत विचारतोय.

द्वारका_रद्दी
माझं दुकान आहे म्हणून सांगतो, हो, भाव वेगळा असतो. पेपर अख्खा, सुटा, घडी केलेला लागतो, आपल्याकडे द्राक्षाच्या घडांना लावायला बागाईतदार तोच शोधत येतात. वही त्यांच्या कामाची नाही, ती सरळ कागदाच्या गिरणीला जाते. पुठ्ठा आणि स्पायरल काढून द्या, घासाघीस करता येईल. दुकानातली गुळगुळीत बिलं त्यात टाकू नका, त्या कागदावर केमिकलचा थर असतो, अख्खा गठ्ठा खराब होतो.

कॉलेजरोड_काकू
पेपरचा विषय निघालाच आहे तर सांगते, भजी पेपरवर काढणं बंद करा सगळ्यांनी. शाई तेलात उतरते. अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, एफएसएसएआयने, 2016 सालीच सांगितलंय तरी गाडीवर अजून पेपरातच बांधून देतात, आणि आपण हात पुढे करतो.

पंचवटीकर
काकू, प्रश्न कॅनचा आहे. मेघाताई, सोडा झाला का?

मेघा_सिडको
झाला. वास थोडा कमी वाटतोय पण आहे. काय होतं काय होतं सगळे विचारताय म्हणून सांगते, माहेरचे आहेत, निफाडला बाग आहे आमची, औषधाचे कॅन आहेत.

कॉलेजरोड_काकू
औषधाचे म्हणजे सिरपचे? एवढे मोठे?

मेघा_सिडको
नाही हो, बागेचं औषध, फवारणीचं.

पिंपळगाव_बागाईतदार
ताई थांबा. त्यात पाणी भरू नका, प्यायला नाही, भांड्यांना नाही, कशालाच नाही. फवारणीची बरीच औषधं सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेली असतात, ती प्लास्टिकच्या अंगात मुरतात. वास येतोय तो आतल्या भिंतीतून येतोय, सोड्याने नाक फसेल, औषध जाणार नाही. लेबल आहे का त्यावर?

मेघा_सिडको
घासून काढलं मी. एका कॅनवर कोपरा राहिलाय, निळा रंग आहे. मला वाटलं पाण्याच्या जारसारखं काहीतरी असेल.

पिंपळगाव_बागाईतदार
औषध किती विषारी ते सांगणारा शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन लेबलवर असतो, त्याचा खालचा भाग असणार तो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. निळ्यावर डेंजर छापलेलं असतं.

सातपूर_मामा
उगाच घाबरवता पोरीला. आमच्या गावी अशाच डब्यात रॉकेल ठेवलं, पाणी ठेवलं, वीस वर्षं झाली, कोणाला काही झालं नाही.

पिंपळगाव_बागाईतदार
मामा, झालं नाही की कळलं नाही? आमच्या वस्तीवर रिकाम्या बाटलीतलं पाणी पिऊन पोरगं उलट्या करत दवाखान्यात नेलंय, मी स्वतः गाडी चालवली. त्या रात्री त्याच्या आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

द्वारका_रद्दी
भंगारात पण नका देऊ. असे कॅन साध्या मालात मिसळले की तेच वितळून बादल्या नि पाण्याचे मग होतात.

जेलरोड_वाला
2016 च्या घनकचरा नियमांत फवारणीच्या औषधांचे रिकामे कॅन घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. ओल्या-सुक्यात टाकू नका, घंटागाडीवाल्याला सांगून वेगळे द्या.

मेघा_सिडको
दोन कॅन काल भरलेत. एकातलं पाणी सकाळी कोथिंबिरीच्या कुंडीला घातलं. दुसऱ्याचं काय करू? मोरीत ओतू?

पिंपळगाव_बागाईतदार
मोरीत नको. ती कोथिंबीर खाऊ नका. झाकण घट्ट लावून सहाही कॅन निफाडला परत न्या. भावाला सांगा, ते पाणी पुढच्या फवारणीच्या टाकीत जाऊ दे. खरं तर औषध संपलं की तिथंच कॅनमध्ये पाव भाग पाणी, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं, टाकीत ओतायचं, असं तीनदा, आणि मग कॅनला भोकं पाडायची म्हणजे परत कोणी वापरणारच नाही.

मेघा_सिडको
भावाला फोन केला. रविवारी नेतो म्हणाला. पण तो म्हणाला शेडमध्ये अजून चाळीसेक पडलेत, थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, येणाऱ्या बाया त्यातूनच प्यायचं पाणी नेतात. मला हे माहीतच नव्हतं.

पिंपळगाव_बागाईतदार
रविवारची वाट बघू नका. आत्ता परत फोन लावा, आज संध्याकाळी पहार घेऊन सगळ्यांना भोकं पाडायला सांगा, आणि उद्या बाया यायच्या आत शेडमध्ये दोन माठ भरून ठेवायला सांगा.

मेघा_सिडको
लावते.