गेम स्पीड : गती, वेग की चाल?

जुन्या आरपीजी (रोल-प्लेइंग, म्हणजे पात्र होऊन खेळायच्या) गेमच्या सेटिंग्ज मित्रांसाठी मराठीत करतोय. सध्या बाल्डर्स गेट (१९९८) हाताशी आहे. 'गेम स्पीड'ला काय म्हणावं? चाल, गती, वेग, तिन्ही लिहून खोडले.

▸ 'चाल' आधी बाद करा. शाळेच्या विज्ञानात स्पीडला चाल म्हणतात खरं, पण खेळात चाल म्हणजे खेळी. 'चाल कमी करा' वाचून माणूस सोंगट्या मोजत बसेल. 'वेगाला दिशा लागते' हा नियमही परीक्षेपुरताच. रस्त्यावर पाटी 'वेगमर्यादा' अशीच असते. तरी माझं मत 'गती'ला.

▸ शब्द नंतर. ती सेटिंग करते काय, ते आधी बघा. बाल्डर्स गेटमध्ये तो आकडा सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम (पडद्यावर उमटणारी चित्रं), याचा आहे, मुळात ३०. पण गेमचं सगळं गणित त्या फ्रेमलाच बांधलेलं. ६० केलेत तर चित्र नितळ होण्यावर भागत नाही, अख्खा गेम दुप्पट पळतो: तुमची माणसं, तलवारीचे वार, मंत्राचा अवधी, अंगावर येणारे लांडगेसुद्धा. मी ४० वर ठेवतो. लांबचे रस्ते लवकर संपतात आणि लढाईत स्पेसबार दाबून गेम थांबवायला सवड राहते. म्हणून 'गेमची गती' लिहा आणि खाली बारीक अक्षरात 'सेकंदाला फ्रेम' टाका, नाहीतर लोक ग्राफिक्स सुधारायला म्हणून आकडा वाढवतील.

डॉसबॉक्स, म्हणजे जुने डॉसचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम, त्यातली गोष्ट निराळी. कंट्रोल-एफ११ ने सायकल्स कमी होतात, कंट्रोल-एफ१२ ने वाढतात. तिथे मिलिसेकंदाला प्रोसेसरच्या किती सूचना चालवायच्या ते ठरतं. त्याला 'सायकल्स'च राहू द्या. 'आवर्तनं' लिहिलंत तर फक्त तबलजींना कळेल.

▸ स्लो, नॉर्मल, फास्टचं काय? 'मंद' नको, ते दिव्याला आणि डोक्याला. 'संथ' म्हटलं की नदी दिसते. 'द्रुत' गाण्यात ठीक. बाकी मुंबईत तो शब्द उरलाय पूर्व द्रुतगती महामार्गापुरता, आणि संध्याकाळी सहाला तिथे काय द्रुत असतं ते घाटकोपरवाल्यांना विचारा. धीमी आणि जलद घ्या. फलाटावर रोज कानावर पडतात, समजवावं लागत नाही.

▸ 'धीमी' हिंदी नाही का?

▸ धीमा मराठीतही जुनाच आहे हो. धीमेपणानं म्हणतोच की आपण.

▸ ठरलं मग. गेमची गती: धीमी, साधारण, जलद. आता ऑटो-पॉज अडलाय. 'आपोआप थांबा' लिहिलं तर एसटीचा थांबा वाटतोय.