अंगणातले १२ व्होल्टचे दिवे: लांबचे मंद, दोन बंद, आणि पाऊस आला की आरसीसीबी पडते

परसदार (८ जुलै, रात्री ९:४०)

गुहागरकडे आमचं कौलारू घर आहे. आई-बाबा तिथेच असतात, मी पुण्यात. बेड्यापासून (आवाराच्या फाटकापासून) घरापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, आणि तिथून पुढे विहिरीपर्यंत वाट, असं सगळं मिळून पन्नासेक मीटर. मागच्या वर्षी बाबांच्या पायाखाली फुरसं येता येता राहिलं, तेव्हा ठरवलं की वाटेवर उजेड हवाच. दिवाळीच्या आधी गावातल्या वायरमनकडून जमिनीत खोचायचे बारा दिवे लावून घेतले. प्रत्येकी ५ वॅट, १२ व्होल्ट डीसी. पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर एका प्लास्टिकच्या डब्यात एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करून देणारा पॉवर सप्लाय) आहे, १२ व्होल्ट ५ अँपियर. तिथून दीड स्क्वेअर एमएमची दोन कोअर केबल गडग्याच्या कडेने मातीत वीतभर खोल पुरली आहे. पाइप नाही.

उन्हाळ्यापर्यंत ठीक होतं. आता विहिरीकडचे चार-पाच दिवे अगदी मिणमिणतात, दोन पूर्ण बंद आहेत, आणि जोराचा पाऊस आला की घराची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) पडते. रात्री दोन वाजता सगळं घर अंधारात. दुकानदार म्हणतो दिवे हलके आहेत, सगळे बदला. वायरमन म्हणतो केबलमध्ये पाणी गेलंय, सगळी उपसा. गणपतीला घर भरतं, त्याआधी हे मार्गी लागायला हवं. नक्की काय बदलू? जाणकारांनी (शब्दशः) प्रकाश टाकावा.

चहाटळ

सोलर लावा, वायरच नको. आम्ही पनवेलच्या टेरेसवर लावलेत, झकास चालतात.

परसदार

विचार केला होता. पण पाखाडीच्या दोन्ही बाजूंना सुपारी आणि नारळ. भर उन्हाळ्यात दुपारीसुद्धा कवडसेच पडतात.

तारतम्य

आणि जून ते सप्टेंबर कोकणात सोलरच्या बागदिव्यांना चार्जिंग मिळणार कुठून? साप बाहेर पडतात नेमके त्याच दिवसांत. टेरेस वेगळी, आगर वेगळं.

परसदार, अजून एकही दिवा विकत घेऊ नका. तुमच्याकडे एक नाही, बहुधा तीन वेगळे बिघाड आहेत आणि तुम्ही त्यांना एक समजताय. मल्टिमीटर आहे का? नसेल तर तीन-चारशे रुपयांचा साधा आणा. सगळे दिवे चालू ठेवून एसएमपीएसच्या टोकाला, पहिल्या दिव्यापाशी, मधल्या दिव्यापाशी आणि शेवटच्या दिव्यापाशी डीसी व्होल्टेज मोजा. चार आकडे इथे टाका, मग बोलू.

एक प्रश्न: लांबचे दिवे पहिल्या दिवसापासून थोडे मंद होते का?

फ्यूज_गेला

कशाला हे १२ व्होल्टचं लचांड? सरळ २३० चे लावा. ना वाटेत व्होल्टेजची घट, ना एसएमपीएस. आमच्या सोसायटीत दहा वर्षं चालू आहेत.

तारतम्य

सोसायटीत केबल पाइपातून, काँक्रीटखालून जाते. इथे ती मातीत वीतभर खोल आहे, तीही उघडी. उद्या कोणी आळं करायला कुदळ मारली किंवा घुशीने कुरतडली, तर १२ व्होल्टमध्ये फार तर दिवे जातील. २३० मध्ये ओल्या मातीवर अनवाणी उभा असलेला माणूस जाईल.

परसदार (१२ जुलै)

चुलतभाऊ घरी आहे, त्याने मोजून दिलं. त्याने डोकं लावून सगळे दिवे सोडवले आणि एकेक जोडून पाहिला. बंद पडलेले दोन्ही दिवे एसएमपीएसला थेट जोडल्यावर लख्ख पेटले! आणि शेवटच्या जागी एकटा दिवा जोडला तर तिथे ११.५ व्होल्ट आले, तोही लख्ख. म्हणजे दिवेही चांगले आणि केबलही चांगली. मग मिणमिणतं काय?

आणि हो, आईला विचारलं. ती म्हणाली, "दिवाळीतही विहिरीकडचे जरा कमीच होते की." मला वाटलं झाडांमुळे तसे दिसतात.

तारतम्य

चुलतभावाला माझा नमस्कार सांगा, निम्मं काम त्याने केलं. दिवे सुटले, म्हणजे दुकानदाराचं म्हणणं निकालात निघालं. पण केबलला इतक्यात प्रमाणपत्र देऊ नका. एकट्या दिव्याला ०.४ अँपियरच लागतात, तेवढ्याला केबलमध्ये व्होल्टेज कितीसं पडणार? बारा दिवे एकदम चालले की एसएमपीएसमधून ५ अँपियर निघतात. म्हणून "सगळे चालू ठेवून" हे ठळक लिहिलं होतं. आता तसं मोजा.

परसदार (१३ जुलै)

चुकलंच. दहा दिवे चालू ठेवून मोजले (दोन जागी जोडूनही पेटत नाहीत): एसएमपीएसपाशी १२.१, पहिल्या दिव्यापाशी ११.३, सहाव्यापाशी ९.८, शेवटच्यापाशी ८.९.

तारतम्य

हे घ्या उत्तर. वाटेतच तीन व्होल्ट मेले.

हिशोब सोपा आहे. दीड स्क्वेअर एमएमच्या लवचीक तांब्याच्या तारेला किलोमीटरमागे साधारण १३.३ ओहम रोध असतो. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून दुप्पट धरायचा: दर मीटरला ०.०२७ ओहम. तुमचा पहिला दिवा ८ मीटरवर, पुढे दर ४ मीटरला एक असं धरलं, तर बारा दिवे पूर्ण ५ अँपियर घेत असताना शेवटच्या दिव्यापर्यंत जवळजवळ ४ व्होल्ट पडतात. २३० मधून ४ गेले तर कोणाला कळतही नाही. १२ मधून गेले की तिसरा हिस्सा गेला. वायरमनने घरातल्या सवयीने दीडची केबल टाकली, त्यात त्याचा दुष्ट हेतू नाही, पण १२ व्होल्टला घरातले आडाखे चालत नाहीत.

जुनी केबल उपसू नका. सहाव्या आणि सातव्या दिव्याच्या मध्ये ती कापा. पहिले सहा जुन्या केबलवरच राहू द्या. सातव्या दिव्यापर्यंत एसएमपीएसपासून नवी ४ स्क्वेअर एमएमची केबल टाका आणि पुढचे सहा तिच्यावर द्या. दोन्ही शाखांवर अडीच-अडीच अँपियर. माझ्या हिशोबाने दोन्ही टोकांना साडेदहाच्या वर राहायला हवेत.

एसएमपीएसही बदला. ६० वॅटचा लोड आणि ६० वॅटचाच एसएमपीएस म्हणजे बैलगाडीत गाडीभर भात भरून वर स्वतः बसण्यासारखं. ऐंशी टक्क्यांपर्यंतच लोड ठेवा, म्हणजे इथे निदान ७५ वॅटचा हवा, सरळ १०० चा घ्या.

न्यूजर्सीकर

इकडे घराबाहेरचे दिवे बहुतेक १२ व्होल्टचेच असतात, पण एसीवर. ट्रान्सफॉर्मरला १२, १३, १४, १५ व्होल्टचे टॅप (केबल जोडायची वेगवेगळी टोकं) असतात, लांबच्या शाखेला वरचा टॅप द्यायचा म्हणजे वाटेतली घट भरून निघते. केबल सहसा १२ गेजची, म्हणजे तुमच्या मोजणीत ३.३ स्क्वेअर एमएम, आणि सहा इंच खोल. मी येताना एक ट्रान्सफॉर्मर आणू का?

तारतम्य

नको हो! तुमचा १२० व्होल्टवर चालणारा, इथे २३० ला लावला की दिवाळीच. शिवाय यांचे दिवे डीसीचे. टॅपची कल्पना मात्र चांगली. आपल्याकडे काही एसएमपीएसवर छोटा स्क्रू असतो, त्याने व्होल्टेज थोडं वर करता येतं. पण जवळच्या दिव्यांना जास्त होणार नाही हे मोजूनच.

नवीन कोणी सुरुवात करत असेल आणि वाट लांब असेल, तर सरळ २४ व्होल्टची सिस्टिम घ्या. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा, आणि टक्केवारीत घट चौथाई.

केळफूल

ज्या दोन जागी जोडूनही दिवा पेटत नाही, तिथले जोड उघडून पाहिलेत का? आमच्याकडे दापोलीला अगदी हेच झालं होतं. काळी टेप गुंडाळलेली, आत तांबं हिरवंगार. टेप पाणी अडवत नाही, आत गेलेलं पाणी उलट धरून ठेवते. आणि एकदा तांब्याच्या बारीक तारांना पाणी लागलं की ते इन्सुलेशनच्या आतून वातीसारखं चढतं. म्हणून हिरवं दिसेल तिथपर्यंत कापून टाका, चकचकीत तांबं लागेपर्यंत. मला एका जागी जवळजवळ फूटभर कापावं लागलं.

आता मी जेल भरलेले कनेक्टर वापरते. नाही मिळाले तर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी). साधी स्लीव्ह नको, ती फक्त दिसायला छान. आणि जोड शक्यतो जमिनीच्या वर, दिव्याच्या खुंटीला बांधून.

परसदार

फोटो पाठवला भावाने. हिरवा. पालकासारखा.

आता राहिली आरसीसीबी. वायरमन ठाम आहे की या जोडांत पाणी गेल्यामुळेच ती पडते.

तारतम्य

इथे मी वायरमनशी असहमत. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघते. घरगुती आरसीसीबी असेल तर फरक ३० मिलिअँपियरपर्यंत गेला की पडते. एसएमपीएसच्या आत १२ ची बाजू २३० पासून सुटी केलेली असते. त्यामुळे बागेतला जोड पाण्यात बुडाला तरी आरसीसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. १२ च्या बाजूला शॉर्ट झाला तर एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद-चालू होत राहतो, सगळे दिवे एकदम टिकटिक करतात. तसं होतंय का?

परसदार

नाही. थेट घरच अंधारात.

तारतम्य

मग बिघाड २३० च्या बाजूला आहे. मेन बंद करून वायरमनकडून तो डबा उघडून घ्या. एसएमपीएस जाळीच्या पत्र्याचा असेल तर तो मुळात घराबाहेर लावायचाच नव्हता. आणि केबल डब्यात वरून शिरते की खालून, ते मला आधी सांगा.

परसदार (२ ऑगस्ट)

उशीर झाला, पण सगळं झालं. तीन दिवस घरी जाऊन आलो.

डबा उघडला तर जाळीचाच एसएमपीएस. तळाशी पाणी, एक सुकलेली पाल आणि मुंग्यांचं वारूळ म्हणावं इतकी माती. २३० ची वायर वरून शिरत होती. पावसाचं पाणी वायरवरून ओघळत थेट टर्मिनलवर. वायरमन स्वतःच म्हणाला, "ह्यां माज्याच हातचां," आणि पुढचं काम त्याने मन लावून केलं. नवा एसएमपीएस आयपी ६७ चा (धूळ-पाणी आत न शिरणारा), १०० वॅट, आणि तोही आता पडवीच्या आत. सगळ्या वायरी खालून शिरतात आणि शिरण्याआधी त्यांना खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी झोळातून जमिनीवर टपकतं. आतापर्यंत दोन मुसळधार रात्री गेल्या, आरसीसीबी जागची हललेली नाही.

चारची केबल २५ एमएमच्या पीव्हीसी पाइपातून टाकली. जांभा फोडताना दोघांची कंबर गेली, ते वेगळं. बाराही जोड जेलचे केले, फक्त दोन नाही, कारण उरलेल्यांपैकी चार हिरवे व्हायच्या बेतात होते. एका ठिकाणी लाल-काळी उलट जोडली म्हणून दिवा पेटेना, त्यात अर्धा तास गेला. आता बारा दिवे चालू असताना सहाव्यापाशी १०.९, शेवटच्यापाशी १०.७. आई म्हणाली विहिरीचा रहाट दिसतो आता.

केबल, पाइप, एसएमपीएस आणि कनेक्टर मिळून जो खर्च आला, तो बारा नव्या दिव्यांपेक्षा कमी. दिवा एकही बदलला नाही.

रानवाटा

छान. दिव्यांचा रंग कोणता आहे? पांढराशुभ्र असेल तर पुढच्या वेळी ३००० केल्विन किंवा त्याखालचा पिवळसर घ्या, किडे कमी येतात. किडे कमी तर बेडूक कमी, आणि बेडूक कमी तर... तुम्हाला फुरसं नकोच आहे ना! आणि मे-जूनमध्ये आगरात काजवे येत असतील तर तेवढे पंधरा दिवस जमेल तितके बंद ठेवा. उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.

परसदार

६५०० चे आहेत, दुकानात तेच होते. टायमर लावलाय, संध्याकाळी सात ते साडेदहा. नंतर पडवीत स्विच. काजव्यांचं बाबांना सांगतो, ते खूश होतील, त्यांना तसंही बिल जास्त येईल ही धास्ती आहे. (६० वॅट, साडेतीन तास, महिन्याला जेमतेम साडेसहा युनिट. दोनदा कागदावर मांडून दाखवलं.)

केळफूल

परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की एसएमपीएसचा प्लग काढायला सांगा. स्विच बंद करणं पुरत नाही. आमचा पहिला तसाच गेला.

फ्यूज_गेला

धागा वाचून काल सोसायटीतले २३० चे दिवे उघडून पाहिले. चार जोडांना टेप. एकात गोगलगाय. कमिटीला पत्र लिहितोय. तारतम्य, तळ्यातल्या दिव्यांसाठी काय घ्यावं?

तारतम्य

पत्र आधी पाठवा आणि तोवर त्या चार दिव्यांचा एमसीबी खाली ठेवा. तळ्यासाठी नवा धागा काढा.