सल्ला हवा आहे: फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या ट्रस्टचं खजिनदारपद घ्यावं का? (आणि २० हजार पौंडांचा प्रश्न)

मिरजकर_मिडलँड्स

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथल्या इंग्लंडवासीयांपैकी निम्मे तरी शनिवारी दुपारी तीनला कुठल्यातरी पत्र्याखाली कुडकुडत उभे असतात हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून धाडस करतोय.

आम्ही मिडलँड्समधल्या एका लहान गावात राहतो. गावचा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत वरून सहाव्या पायरीवर खेळतो (नाव मुद्दाम देत नाही). प्रीमियर लीगची तिकिटं परवडेनात म्हणून मुलाला घेऊन इथे जायला लागलो आणि चटक लागली. क्लबच्या चाहत्यांचा ट्रस्ट आहे. तीनशेच्या आसपास सभासद, क्लबचे १२ टक्के शेअर ट्रस्टच्या नावावर, क्लबच्या संचालक मंडळावर ट्रस्टची एक खुर्ची. गेली दोन वर्षं सामन्याच्या दिवशी मी ट्रस्टच्या टेबलावर बसतो. फिफ्टी-फिफ्टीची तिकिटं विकायची, जमलेले निम्मे पैसे जिंकणाऱ्याला, निम्मे ट्रस्टला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात नाणी. पावसात कार्डाचं मशीन रुसलं की डब्याला भाव येतो.

आता दोन गोष्टी एकदम आल्यात. एक, खजिनदारकाका तब्येतीमुळे निवृत्त होताहेत आणि मी पेशाने अकाउंटंट, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. दोन, क्लबला मैदानाच्या निचऱ्याचं काम करायचंय (गेल्या हिवाळ्यात घरचे पाच सामने चिखलात वाहून गेले) आणि मालकांनी ट्रस्टकडे २० हजार पौंड मागितलेत. माणूस सज्जन आहे, गावातलाच आहे. कार्यकारिणीचं म्हणणं, देऊन टाकू, क्लबचं ते आपलंच. मला मात्र पोटात कसंतरी होतंय. देणगी द्यावी, कर्ज द्यावं की शेअर मागावेत? आणि हे पद घ्यावं का?

बायको म्हणते, मिरजेत सोसायटीच्या खजिनदारकीतून कसाबसा सुटलास, इथे पुन्हा तेच?

तालमीतला

भावा, आधी बायकोचं ऐक.

मी कोल्हापूरचा, आमच्याकडे क्लबला मालक ही भानगडच नाही. पाटाकडील काय, दिलबहार काय, खंडोबा काय, तालीम पेठेची. शाहू स्टेडियमवर हरलं तर आख्खी पेठ जेवत नाही आणि पैसे कमी पडले तर तीच पेठ वर्गणी काढते. इथे येऊन पहिल्यांदा ऐकलं की क्लब 'विकला', तेव्हा वाटलं होतं खेळाडू विकला असेल.

पण २० हजार लई झाले. कागद करून घे.

डॉन्सवाला

मिरजकर, मी विंबल्डनचा सभासद, त्यामुळे या विषयावर मी लांबण लावणार, आधीच माफी.

२८ मे २००२ ला फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने जुन्या विंबल्डनला मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. १९८८ चा एफए कप लिव्हरपूलला हरवून जिंकलेला क्लब, आणि गावातून उचलून साठ मैलांच्या आसपास लांब. चाहत्यांनी काय केलं? त्याच उन्हाळ्यात विंबल्डन कॉमनवर, म्हणजे कुत्री फिरवायच्या माळावर, खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि नवा क्लब काढला, थेट नवव्या पायरीवर. २०११ ला ल्यूटनला पेनल्टीवर हरवून चौथ्या पायरीवर, म्हणजे फुटबॉल लीगमध्ये परत. २०२० च्या नोव्हेंबरात प्लाउ लेनवर, जुन्या मैदानाच्याच रस्त्यावर, घरी परत. प्रेक्षकांविना, कारण कोविड. इतकी वर्षं वाट पाहून पहिला सामना लोकांनी सोफ्यावर बसून पाहिला.

हे सांगायचं कारण वेगळंच आहे. स्टेडियम बांधताना पैसे कमी पडले तेव्हा बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा की नाही यावर आमच्यात घरोघरी भांडणं झाली. शेवटी रोखे काढले, लोकांनी ५० लाख पौंडांहून जास्त दिले. पण ते कर्ज होतं. मुदत ठरलेली, व्याज ठरलेलं (शून्य व्याजाचाही पर्याय होता, आणि तो घेणारे वेडे होते). क्लब आमचाच, ट्रस्टच्या हातात बहुमत, तरीही आम्ही स्वतःलाच कागदावर पैसे दिले. तुमच्याकडे तर १२ टक्केच आहेत.

पद घ्या. हिशेब कळणारा माणूस नसेल तर ट्रस्ट म्हणजे गाण्याचं मंडळ.

लोखंडी_गेट

माझा अनुभव थोडक्यात. क्लबचं नाव नको, उत्तरेतला आहे.

आमच्या ट्रस्टने उभं राहून सामना बघायच्या स्टँडवर पत्रे घालायला पैसे दिले. देणगी म्हणून. मालक सज्जन होते (हो, तेही). स्टँडवर पाटी लागली, 'चाहत्यांच्या मदतीने', उद्घाटनाला सँडविच. चार वर्षांनी त्यांनी क्लब विकला. नव्या मालकाने स्टँडला एका गॅरेजवाल्याचं नाव दिलं आणि पाटी गेली. आम्ही विचारायला गेलो तर उत्तर आलं, तुमच्या पैशांची आमच्या दप्तरी नोंद नाही. ते खरंच होतं. इतिवृत्तात एक ओळ होती, 'ट्रस्टचे आभार मानले'. संपलं.

पाटी पुढे ग्राउंड्समनला रोलरच्या मागे सापडली, मध्ये वाकलेली. सध्या माझ्या शेडमध्ये आहे, तिच्यावर रंगाचे डबे ठेवतो.

माणूस सज्जन आहे की नाही हा प्रश्नच नाही. तो गेल्यावर काय, हा आहे.

वर्षा_कार्डिफ

मिरजकर, मुद्द्याचं सांगते, कंपनी कायद्यात रोजचं काम आहे.

१. ट्रस्ट बहुधा 'कम्युनिटी बेनिफिट सोसायटी' म्हणून नोंदलेला असेल. आपल्या सहकारी संस्थेसारखंच, सांगली-मिरजेच्या माणसाला हे समजावायला नको. एक सभासद एक मत, मग वर्गणी दहा भरा की हजार. नोंदणी एफसीए या वित्तीय नियामकाकडे, वार्षिक विवरण वर्ष संपल्यापासून सात महिन्यांत. पद घेण्याआधी मागची तीन वर्षं ते वेळेत गेलंय का ते बघा. सार्वजनिक नोंदवहीत दिसतं.

२. १२ टक्क्यांनी काहीच अडत नाही. कंपनीचा विशेष ठराव व्हायला ७५ टक्के मतं लागतात, म्हणजे २५ च्या वर असाल तरच तुम्ही तो रोखू शकता. तेवढंही पुरत नाही, हे इथल्या शेजारच्या गावात बघितलंय. स्वॉन्सीच्या ट्रस्टकडे २१ टक्क्यांच्या वर शेअर होते, संचालक मंडळावर माणूस होता, क्लब प्रीमियर लीगमध्ये. सगळे म्हणायचे, आदर्श नमुना. २०१६ ला बाकीच्या भागधारकांनी अमेरिकी गटाला बहुमत विकलं आणि त्या सौद्यात ट्रस्ट नव्हता. वाद २०२२ पर्यंत चालला, मग तडजोड. टक्के मोजण्याआधी भागधारक करार वाचा. मालकाने विकायचं ठरवलं तर तुम्हाला त्याच भावात विकायचा हक्क आहे का, एवढं एकच कलम शोधा.

३. तुमचा खुर्चीवरचा माणूस. तो क्लब-कंपनीचा संचालक आहे, त्यामुळे कायद्याने त्याची निष्ठा कंपनीशी. आत ऐकलेलं सगळं तो सभासदांना सांगू शकत नाही. लोक त्याला 'फितूर' म्हणतात ते उगाच. काय सांगायचं, काय नाही, हे क्लबशी लिहून ठरवा. खजिनदार आणि संचालक एकच माणूस करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

४. मैदान कोणाचं? हे कोणीच विचारलं नाही अजून. ज्या जमिनीत पाइप पुरताय ती क्लबची नसेल तर २० हजार तिसऱ्याच्याच मातीत गेले.

तालमीतला

चार नंबरला माझं १०० टक्के अनुमोदन. आणि हा प्रश्न मला सुचला नाही याची लाज वाटली.

डॉन्सवाला

वर्षाताई, जमिनीवरून दोन उदाहरणं आठवली.

चेल्सी. स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानाची मालकी १९९७ पासून चाहत्यांच्या 'चेल्सी पिच ओनर्स' या कंपनीकडे आहे, १०० पौंडांचा एक शेअर. 'चेल्सी फुटबॉल क्लब' हे नावही तिच्याकडेच. २०११ ला क्लबने जमीन परत विकत मागितली. अब्रामोविच मालक, पैशांची ददात नाही. ६० टक्क्यांच्या वर मतं पडली, पण लागत होती ७५. गेला ठराव.

आणि ब्रेंटफर्ड. ट्रस्टने २००६ ला बहुमत घेतलं, २०१२ ला मॅथ्यू बेनमला दिलं, पण मैदान परस्पर विकलं जाऊ नये म्हणून एक विशेष शेअर राखून ठेवला. मालकी सोडली, नकाराधिकार ठेवला. मला विचाराल तर या देशातल्या ट्रस्टांनी केलेला सगळ्यात शहाणा व्यवहार. (अवांतर: ब्रेंटफर्डच्या जुन्या ग्रिफिन पार्क मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक पब होता. नव्या स्टेडियमचं कौतुक आहे, पण ते सुख गेलं.)

पोर्ट्समथचा_पांडू

सगळे मालकाला चोर समजून बोलताय, म्हणून उलटी बाजू.

आमच्या ट्रस्टने २०१३ ला क्लब दिवाळखोरीतून सोडवला. हजार हजार पौंडांचे शेअर. मीही दोघा मित्रांसोबत एक घेतला होता, भिशी लावल्यासारखा. पाच वर्षांपूर्वी एफए कप जिंकलेला क्लब चौथ्या पायरीवर घसरत होता. कर्ज फेडलं, २०१७ ला ती लीग जिंकली. आणि त्याच वर्षी मोठ्या बहुमताने डिस्नेच्या माजी प्रमुखाला, मायकेल आइझनरला, ५६ लाख ७० हजार पौंडांना विकला. मीही हो म्हणालो. स्टेडियम जुनं, दुरुस्तीचा खर्च आमच्या डब्यातल्या नाण्यांनी भागणारा नव्हता. मला एका क्षणाचाही पश्चात्ताप नाही.

तुमच्या मालकाने पाच सामने बुडाल्यावर निचरा करायचं ठरवलं, त्यात त्याचं काय चुकलं? अटी घालून घालून त्याला पळवून लावाल. सहाव्या पायरीवर दुसरा मालक रांगेत उभा नसतो.

लोखंडी_गेट

पांडू, तुम्ही विकलात कारण विकायला तुमच्याकडे काहीतरी होतं. आमच्याकडे पाटी होती.

एक्झिटरची_माई

सगळं मोठं मोठं चाललंय, मी रोजचं सांगते. माझा नवरा एक्झिटर सिटीचा, लग्नात मला क्लबही मिळाला. २००३ ला क्लब लीगमधून खाली पडला, व्यवहार पोलिसांपर्यंत गेले होते, आणि ट्रस्टने ताबा घेतला. २००५ च्या जानेवारीत एफए कपमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी ०-० झाली, तेव्हा हे लीगबाहेर होते. तो सामना आणि बरोबरीमुळे झालेला फेरसामना, या दोन्हींच्या गल्ल्याने क्लब तरला. पण गल्ला एकदाच मिळतो. पुढे तारलं क्लबने घडवलेल्या पोरांनी. स्ट्रायकर ऑली वॉटकिन्स इथला. २०१७ ला ब्रेंटफर्डला विकताना पुढच्या विक्रीतला वाटा लिहून घेतला होता, २०२० ला तो अ‍ॅस्टन व्हिलाला गेला तेव्हा पुन्हा पैसे आले. म्हणजे कागदच, वर्षाताई म्हणतात तो.

आता तुमच्या २० हजारांचं. क्लबच्या खात्यात टाकूच नका, ठेकेदाराचं बिल थेट ट्रस्टने भरायचं. निम्मे काम सुरू होताना, निम्मे पहिल्या मोठ्या पावसानंतर. अगदी अस्संच सांगा, पावसानंतर. मालक चांगला असेल तर हसेल आणि मान्य करेल.

पदाचं म्हणाल तर घ्या, पण टेबल सोडू नका. कार्यकारिणीत गेलेली माणसं सहा महिन्यांत बोर्डाच्या खोलीतला चहा प्यायला लागतात आणि मग त्यांना बाहेरच्या चहाची चव लागत नाही.

वर्षा_कार्डिफ

माई, बिल थेट भरायचं हे उत्तम. सोबत कर्जाचा करार, आणि क्लब विकला गेला तर कर्ज तत्काळ फेडायचं हे कलम. कर्जाचे शेअर करून घ्यायचा पर्याय ट्रस्टकडे ठेवा.

अजून एक. २०२५ च्या कायद्याने फुटबॉलला स्वतंत्र नियामक आलाय. क्लबचं चिन्ह, रंग, मैदान यांवर चाहत्यांशी बोलणं आता क्लबांवर बंधनकारक. पण तो पहिल्या पाच पायऱ्यांपुरता, मिरजकर. तुम्ही सहाव्या. त्यामुळे तुम्हाला जे हवं ते तुम्हीच लिहून घ्यायचं. मैदानाची नोंद 'सामुदायिक मत्ता' म्हणून काउन्सिलकडे करता येते. त्याने विक्री थांबत नाही, लांबते, पण पैसे जमवायला वेळ मिळतो. ऑक्सफर्ड युनायटेडच्या चाहत्यांनी २०१३ ला केलं होतं.

मिरजकर_मिडलँड्स

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, मधल्या काळात सभा झाली.

सभा पबच्या मागच्या खोलीत, बावीस माणसं. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम केलं, आणि हा विषय चक्क 'आयत्या वेळचे विषय' यात होता! २० हजार पौंड, आयत्या वेळी. मिरजेची आठवण येऊन घशाशी आलं.

मी माईंचा प्रस्ताव मांडला, पावसासकट. मालक आले होते. हसले, म्हणाले, कुठला पाऊस ते कोण ठरवणार? खजिनदारकाका म्हणाले, ग्राउंड्समन. मान्य झालं. रक्कम कर्ज म्हणून, विक्री झाली तर फेड, मसुदा आमच्या वकील सभासदाकडे. विशेष शेअरचा विषय काढला तर 'तो नंतर बघू' झालं.

मग वर्षाताईंचा चौथा प्रश्न विचारला. खोली शांत. मालक म्हणाले, भाडेपट्टा आहे, जमीन जुन्या अध्यक्षांच्या कुटुंबाची. किती वर्षं उरलीत? त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, जणू तिथेच ठेवलाय, आणि म्हणाले, अकरा असावीत, बघून सांगतो.

पट्टा पाहिल्याशिवाय एक पेनीही नाही, असा ठराव मीच मांडला. बावीसपैकी एकोणीस हात वर. मालकांनीही केला, त्यांना मत नसताना. खजिनदार झालोय, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

वर्षाताई, अकरा वर्षांच्या पट्ट्यावर तुम्ही पाइप पुराल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय.

तालमीतला

व्यनि कशाला, इथंच बोला की. आम्हालाबी कळू दे.