मदत हवी आहे : मुंगीखाऊ जागा असताना कधी बघायला मिळतो?

मंडळी, प्राणिसंग्रहालयात जायंट अँटईटर, म्हणजे मोठा मुंगीखाऊ, नीट बघितलेलं कुणी आहे का इथे?

मी लेकीला घेऊन दोनदा गेले. दोन्ही वेळा भर दुपारी. कोपऱ्यात वाळक्या गवताचा ढीग दिसत होता, बस्स. बऱ्याच वेळाने तो ढीग हलकेच वर-खाली झाला, तेव्हा कळलं की स्वतःची झुपकेदार शेपटी पांघरून तो झोपलाय! लेक काचेला नाक लावून अर्धा तास उभी होती. तिला त्याची जीभ बघायचीये. सुमारे ६० सेंटिमीटर लांब, मिनिटाला दीडशे वेळा आतबाहेर होते आणि तोंडात दात एकही नाही, हे तिला पाठ आहे.

या प्राण्याच्या शरीराचं तापमान कमी असतं, साधारण ३३ अंश, आणि दिवसाचे पंधरा-सोळा तास तो झोपूनच काढतो. त्यामुळे वेळ साधायची कशी, हाच प्रश्न आहे. दार उघडताच सकाळी जावं की संध्याकाळी? खाणं देण्याची वेळ कर्मचाऱ्यांना विचारली तर सांगतात का? ढगाळ हवेत तो जास्त फिरतो का?

आणि पिल्लू पाठीवर घेतलेली मादी कुणी पाहिली असेल तर जरूर लिहा. पिल्लाचा काळा पट्टा आईच्या पट्ट्याशी जुळून जातो म्हणे, प्रत्यक्षात ओळखू येतो का?

काच वाजवून त्याला उठवणारेही तिथे होते. तसलं काही मला करायचं नाहीये. थांबायची आमची तयारी आहे.