शाळा सुटून वर्षं झाली, आता पदवी: ॲक्सेस डिप्लोमा की ए-लेव्हल? (इंग्लंड)

खडूफळा: तिशी-चाळिशीत पदवीला जायचं असेल तर ए-लेव्हलच्या (म्हणजे आपल्या बारावीच्या पातळीच्या विषयवार परीक्षांच्या) वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. ॲक्सेस टू एचई (हायर एज्युकेशन) डिप्लोमा, म्हणजे मोठ्या वयात पदवीकडे वळणाऱ्यांसाठीचा पूर्वतयारीचा कोर्स, साधारण वर्षभरात होतो. ६० क्रेडिट, पैकी ४५ ना पास-मेरिट-डिस्टिंक्शन अशी श्रेणी. सगळ्या ४५ ना डिस्टिंक्शन मिळाली तर यूकासचे (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) १४४ गुण, म्हणजे ए-लेव्हलच्या तीन ए ग्रेडइतके. शिवाय ॲडव्हान्स्ड लर्नर लोन (सरकारी शैक्षणिक कर्ज) काढून डिप्लोमा केला आणि पुढे पदवी पूर्ण केली, की डिप्लोम्याचं उरलेलं कर्ज माफ. ए-लेव्हलला ही सवलत नाही.

लालशाई: असहमत. गणित बरोबर आहे, पण विद्यापीठाची ऑफर, म्हणजे प्रवेशाची अट, बहुतेक वेळा गुणांत नसते. ‘३० क्रेडिट डिस्टिंक्शन, त्यात केमिस्ट्रीचे इतके’ अशी असते. असाइनमेंट मेरिटवर पास झाली की विषय संपला. डिस्टिंक्शनसाठी ती पुन्हा देता येत नाही. ए-लेव्हल पुढच्या वर्षी परत देता येते. आणि डिप्लोमा एका दिशेला बांधलेला. नर्सिंगचा घेतला आणि फार्मसीकडे जावंसं वाटलं, तर केमिस्ट्री कमी पडते.

खडूफळा: मग बाहेरून ए-लेव्हल देऊन बघा! सायन्सचं प्रॅक्टिकल एन्डॉर्समेंट (प्रयोग केल्याची नोंद) खासगी उमेदवाराला करून देणारी केंद्रं मोजकी, पैसे वेगळे. परीक्षा मे-जूनमध्ये, आणि सगळं त्या काही पेपरांवर. नोकरी करणाऱ्याला वर्षभर विभागलेल्या असाइनमेंट झेपतात.

कडीकोयंडा: मेडिसिनवाल्यांनी तारखा बघा. डिप्लोमा सप्टेंबरात सुरू होतो आणि यूकासची मुदत १५ ऑक्टोबरच्या आसपास. शिक्षकाने तुमचं धड एक काम तपासलेलं नसतं आणि अपेक्षित श्रेणी लिहायची असते. यूकॅट ही मेडिसिनची प्रवेशपरीक्षा तर त्याआधीच, सप्टेंबरअखेरपर्यंत. वर आणि काही मेडिकल स्कूल ॲक्सेस घेतच नाहीत. नर्सिंग, सोशल वर्कला मात्र खडूफळा म्हणतात तेच खरं.

उंबरठा: इतिहास, मानसशास्त्र असं काही शिकायचं असेल तर दोन्ही कशाला? ओपन युनिव्हर्सिटी बहुतेक पदव्यांना प्रवेशपात्रता विचारत नाही. ३६० क्रेडिट, वर्षाला ६० घेतले तर सहा वर्षं.

लालशाई: सहा वर्षं म्हणजे सहा वर्षं, हेही ठळक लिहा की.

कडीकोयंडा: डिप्लोमा घ्या नाहीतर ए-लेव्हल, जीसीएसई (सोळाव्या वर्षी देतात ती शालेय परीक्षा) गणित-इंग्रजी ग्रेड ४ ची अट बहुतेक ठिकाणी वेगळी असतेच. इथेच सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. भारतातली दहावी त्या जागी चालते का, फंक्शनल स्किल्स लेव्हल २ (व्यवहारातल्या गणित-इंग्रजीची पात्रता) चालतं का, हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. कॉलेजातला सल्लागार ‘चालेल’ म्हणाला म्हणून फी भरू नका. ज्या कोर्सला जायचं त्याच्या ॲडमिशन्स ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.