मैद्याचा कप म्हणजे 250 ग्रॅम नव्हे

पाककृतींसाठी 1 कप मैदा = 250 ग्रॅम असं कुठे सांगितलेलं दिसलं, तर ते दुरुस्त करायला हवं. 250 हे कपाचं मिलिलिटरमधलं माप (काही कप 240 मिलीचेही असतात). तेवढे ग्रॅम पाण्याचे भरतात, मैद्याचे नाही. मैदा चमच्याने कपात घालून सुरीने वरून सपाट केला, तर 240 मिलीच्या कपात साधारण 120 ते 125 ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला की 140-150. कप आपटलात तर आणखी.

हा फरक किरकोळ नाही. ब्रेडसाठी 3 कप मैदा आणि 240 मिली पाणी घेतलं, तर कपाला 120 धरून होणाऱ्या 360 ग्रॅमला पाण्याचं प्रमाण 67 टक्के पडतं, कपाला 150 धरून होणाऱ्या 450 ग्रॅमला 53. पहिला गोळा मऊ, हाताला चिकटणारा. दुसरा घट्ट, नीट न फुगणारा. दोष मात्र यीस्टला दिला जातो.

'1 कप चाळलेला मैदा' म्हणजे आधी चाळून मग मोजायचा. तो वजनाला कमी भरतो.

कृतीत ग्रॅम दिले नसतील तर 120 धरून सुरुवात करा. मिश्रण सैल वाटलं तर चमचाभर मैदा वाढवता येतो, कोरडा भाजलेला केक सुधारत नाही. आणि आपला कप नेमका केवढा, हे काट्यावर पाणी भरून एकदा तपासा: जितके ग्रॅम, तितके मिली.