‘हॉस्पिस’ला मराठीत काय म्हणावे?

आरेखक: एका हॉस्पिसचे, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात शेवटच्या दिवसांत माणसाची काळजी घेणाऱ्या जागेचे, नकाशे करतो आहे. पाट्या मराठीत हव्यात. विश्वस्तांनी ‘अंतिम सेवा केंद्र’ सुचवलंय, मला ते खटकतं. स्ट्रेचरवरून आत येणारा माणूस शुद्धीवर असतो, पाटी वाचतो. ‘व्ह्यूइंग रूम’लाही, म्हणजे गेलेल्या माणसाला घरचे शेवटचं पाहतात त्या खोलीलाही, शब्द हवा आहे.

जुनी पोथी: मूळ लॅटिन ‘होस्पेस’. पाहुणा आणि यजमान, दोघांनाही तोच शब्द. मध्ययुगात यात्रेकरूंच्या उतरायच्या जागेला हॉस्पिस म्हणत. आजचा अर्थ रुळला तो १९६७ साली डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केल्यावर. अर्थाने ‘धर्मशाळा’ चपखल, पण मुंबईत तो शब्द अडकलाय. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे कॅन्सरचे पेशंट राहतात ते उपचार चालू असताना. काशीत मरण यावं म्हणून लोक जिथे येऊन राहतात, ते तिथलं ‘मुक्तिभवन’ हे नावही नको. तिथे औषधपाणी नसतं, आणि इथे वेदना शमवणं हेच मुख्य काम. वांद्र्याच्या संस्थेचं नाव पाहा, ‘शांती अवेदना सदन’. १९८६ सालचं, देशातलं पहिलं हॉस्पिस. अवेदना म्हणजे वेदना नसणं. मरणाचा उल्लेखसुद्धा नाही!

रातपाळी: मी नर्स आहे. आम्ही बोलताना नुसतं ‘सेंटर’ म्हणतो. नाव काय द्यायचं ते द्या, पण खिडकी खाली घ्या. आडव्या माणसाला छत आणि पंखा सोडून काही दिसतच नाही. दार एवढं रुंद ठेवा की कॉटसकट बाहेर नेता येईल, आणि उंबरठा नको, चाकं अडकतात. बाहेर झाडाजवळ छप्पर असलेली जागा असू द्या. नकाशात तिला ‘सेमी-ओपन स्पेस’ लिहू नका, ओसरी लिहा. मग तिथे बसायचं असतं हे बांधणाऱ्यालाही कळेल.

अजून एक. आपल्याकडे ‘खाली घेणं’ म्हणतात. शेवट जवळ आला की काही घरांत माणसाला कॉटवरून भुईवर घेतात, तोंडात गंगाजळ, तुळशीपत्र. सगळे करत नाहीत, पण जे करतात त्यांना कॉटशेजारी सतरंजी पसरण्याइतकी जमीन लागते. ऑक्सिजनच्या नळ्या, लॉकर, खुर्ची यांतून ती उरतच नाही. पाटीवर न येणारा शब्द आहे हा, नकाशात मात्र आला पाहिजे.

आरेखक: हे कोणत्याही मानकात सापडलं नसतं. कॉटच्या एका बाजूला सहा फूट मोकळे सोडतो. आणि ‘व्ह्यूइंग रूम’? ‘अंत्यदर्शन कक्ष’?

जुनी पोथी: अंत्यदर्शन म्हटलं की पुढारी आणि रांगा आठवतात. ‘निरोपाची खोली’ म्हणा. ‘कक्ष’ तर कुठेच नको, ‘अतिदक्षता’नं त्या शब्दाची वाट लावली आहे. इमारतीला ‘शुश्रूषा सदन’ चालेल. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा, सेवा हा अर्थ नंतरचा.

रातपाळी: चालेल. फक्त पाटी रंगवताना तिथे उभे राहा, नाहीतर ‘सुश्रुषा’ होईल.